काळ्या मेंढ्यांसाठी फिल्म

परवा शिरड शहापूरला गयाकाकूंच्या भिंतीवर एक फोटो लागला. त्यात माणूस एकही नाही. तरी काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते...

आधीचं सांगते. गयाकाकू आणि रखमाजीकाका हे माझ्या माहेरच्या शेताचे शेजारी. त्यांच्या मेंढ्या मी लहानपणापासून बघत आले, सगळ्या काळ्या. आता काकांचे गुडघे चालू देत नाहीत. कळप विकायचं ठरलं, व्यापाऱ्याला शब्दही दिला.

त्याआधी काकूंना एक फोटो हवा होता. काका आणि मेंढ्या. सासू-सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावायला.

"मोबाइलमधला नको माय. मोबाइल बदलला की माणसं गायब होऊन राहिली. तुझ्या त्या डब्यातून काढ."

डबा म्हणजे माझा दोन भिंगांचा जुना कॅमेरा. हिंगोलीतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा घेतलेला. त्याला नेहमीच्या रोलपेक्षा रुंद फिल्म लागते, मीडियम फॉरमॅट. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. आणि ती फिल्म इथे मिळत नाही, कुरियरने मागवावी लागते.

कोणती घेऊ असं इथे विचारलं तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं, नावाजलेली महाग फिल्म घे, अशी संधी पुन्हा नाही. सल्ला चांगला होता. पण एका महाग रोलच्या पैशात स्वस्तातले तीन येत होते, आणि मी तासिका तत्त्वावर शिकवते...

मी स्वस्तातले तीन काळे-पांढरे रोल घेतले. नाइलाज म्हणून नाही, ठरवून. रोल एकच असला की बोट बटणावर घाबरतं. तीन असले की एक वाया घालवता येतो, आणि वाया घालवल्याशिवाय फिल्म कळत नाही.

पहिला रोल घेऊन भर दुपारी गेले. ऊन छान होतं म्हणून. काका फ्रेममध्ये यायलाच तयार नव्हते.

"काळ्या-पांढऱ्यात मेलेली माणसं असतेत. मला हार घालायची लई घाई झाली व्हय गं तुला?"

काकू म्हणाल्या, "हाराला फुलं कोन आणून देणार? गुमान उभे ऱ्हावा."

काकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्याकडे भिंतीवर काळ्या-पांढऱ्यात असतात ते गेलेलेच असतात. काका बाजूला निघाले, त्यांच्यामागे कळपही निघाला. मी पळत पळत, मिळतील तशा मेंढ्या काढल्या.

रोल स्वयंपाकघरात धुतला, प्रिंट काढले. माती पांढरीफटक, आणि मेंढ्यांच्या जागी शाईचे डाग. डोळे नाहीत, कान नाहीत. काकूंनी फोटो उजेडात धरून पाहिला.

"ह्या मेंढ्या हायेत का कोळशाची पोती?"

इथे टाकला तर खाली कॉमेंट आली, स्वस्त फिल्म म्हणजे असंच. त्या रात्री राग आला. सकाळी वाटलं, दोष फिल्मचा नाही. खोक्यावर फिल्मचा जो वेग, म्हणजे तिला किती कमी उजेड पुरतो तो आकडा, छापला होता तो मी खरा मानला. आणि काळ्या लोकरीला दुपारच्या उन्हात उभं केलं.

दुसरा रोल मेंढ्यांवर घालवायचाच नाही असं ठरवलं. काकूंकडून घोंगडी आणली, त्याच मेंढ्यांच्या लोकरीची. ऊन वर यायच्या आधी ती गच्चीच्या दोरीवर टाकली, शेजारी पांढरा पंचा. सगळा रोल त्या दोघांवर. फिल्मला खोक्यावर सांगितल्याच्या निम्म्या वेगाची समजून दुप्पट उजेड दिला, आणि धुताना डेव्हलपरच्या रसायनात ठेवली कमी वेळ.

नवऱ्याने चहा पीत विचारलं, "घोंगडीला स्थळ आलंय का?"

निगेटिव्ह वाळल्यावर खिडकीपाशी धरली... घोंगडीची वीण दिसत होती. धागान् धागा. पंचाही पंचाच राहिला होता.

तिसरा रोल घेऊन गेले तो दिवस व्यापारी येण्याचा. तो दुपारी येणार होता, मी उजाडताच पोचले. मेंढ्या अजून जाळीच्या कुंपणात होत्या. काका आजही फोटोत यायला तयार नव्हते. उलट, ही पोरगी मेंढ्यांना बिचकवते की काय हे बघायला माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

मी कॅमेऱ्यात मान घालून पाहिलं. पाठी, शेपट्या. एकही तोंड माझ्याकडे नाही. आणि ऊन चढायला लागलं होतं.

तेवढ्यात मागून काकांनी जिभेने तो आवाज काढला. कळप वळवायचा, रोजचा. क्षणात सगळी तोंडं वळली. मी बटण दाबलं.

दुपारी टेम्पो आला आणि गेला. काका घरातून बाहेर आले नाहीत.

परवा मोठा प्रिंट घेऊन गेले. काळ्यातलं काळं वेगळं दिसत होतं... ओली नाकं, एकीचा फाटका कान, लोकरीत अडकलेलं कुसळ. काकूंनी स्वतः खिळा ठोकला. काका बोटाने एकेकीपाशी थांबत राहिले. मग म्हणाले,

"सगळ्या माझ्याकडंच बघून राहिल्या."

"मंग? आलेत की तुमी फोटोत," काकू म्हणाल्या.

आम्ही चहा घेतला. निघताना मागून त्यांचा आवाज आला, काकूंना दटावणारा.

"त्याला हार घालू नको. जित्त्या हायेत त्या."

शेवटी कोणती फिल्म घेतली, असं काहीजण विचारत होते. तीच, स्वस्तातली. पुन्हा तीच मागवली आहे. खोक्यावरचं खरं मानू नका, एवढंच सांगते... पहिला रोल घोंगडीला द्या.