मादय्याचं कूसू

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात अंबूताई ब्लाउज शिवत. नवरा गेल्यावर त्याचीच मशीन त्यांनी खिडकीशी ओढून घेतली होती. मोठमोठ्या घरच्या बायका मापं द्यायला येत, मनातलं बोलून जात. पण अंबूताईंनी कधी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. भिडस्त स्वभाव.

अठ्ठ्याहत्तर साली एका सकाळी त्या वनजा सिस्टरचे ब्लाउज पोचवायला बाळंतपणाच्या दवाखान्यात गेल्या. फाटकाशी कांबळं पांघरलेला एक म्हातारा वॉचमनला हात जोडत होता.

"मुलीचं मढं दिलं ना ताब्यात? मग केसची धमकी कुणाला देतोस? होगप्पा, नीघ!" वॉचमन खेकसला.

बाहेर भाड्याच्या गाडीत चादरीत गुंडाळलेली मुलगी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

अंबूताई आत गेल्या होत्या, त्या परत फिरल्या. म्हाताऱ्याला घेऊन पायरीवर बसल्या. "सावकाश सांग, अप्पा. मी ऐकते."

म्हातारा मादय्या, सरगूरकडचा. तोंडात दात नव्हते, शब्द विरून जात. मुलगी शेळ्या कशी राखायची, कळा सुरू झाल्यावर बैलगाडीत कशी कण्हत होती, सगळं त्याने सांगितलं. अंबूताईंनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी तो म्हणाला, "अव्वा, कूसू..."

कूसू म्हणजे तान्हं बाळ. वॉचमनने ते 'केसू', म्हणजे कोर्टाची केस, असं ऐकलं होतं.

"बाळ आत आहे?"

"आहे म्हणतात. मी पाहिलंच नाही. घरी म्हातारी विचारील, काय सांगू?"

अंबूताई तडक वनजा सिस्टरसमोर उभ्या राहिल्या. "सिस्टर, आजवर काही मागितलं नाही. त्याला एकदा नातवंड दाखवा."

"पुरुषांना आत सोडत नाहीत, अंबूताई. मला बोलणी बसतील."

"ठाऊक आहे."

वनजा सिस्टर उठल्या. स्वतः त्यांनी मादय्याचे हात धुववले, त्याला आत नेलं. काचेच्या पेटीत मूठभर जीव झोपला होता. मादय्या वाकून पाहत राहिला. "कान आईचे आहेत," एवढंच बोलला आणि ओक्साबोक्शी रडला.

तो लेकीला घेऊन गावी गेला. म्हातारी येईपर्यंत अंबूताई रोज संध्याकाळी त्या पेटीपाशी जाऊन बसत. पोर जगली. आजीच्या पदराआड सरगूरला गेली.

पुढे तोच वॉचमन गोंधळलेल्या माणसांना अंबूताईंचं घर दाखवू लागला. त्या मशीन थांबवत, पाणी देत, ऐकून घेत. कधी वनजा सिस्टरकडे जात, कधी एखाद्या वकिलीणबाईंकडे. प्रत्येक वेळी काम होईच असं नाही. एका बाईचं दुपारभर ऐकलं आणि करण्यासारखं काहीच निघालं नाही. त्या तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेल्या, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या.