गोळीनंतरचा पहिला घास

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी दंडात इंजेक्शन दिलं आणि ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. थोड्या वेळाने माझ्या पडलेल्या पापण्या वर गेल्या. "मायस्थेनिया ग्रेव्हिस," ते म्हणाले. म्हणजे नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. स्नायू वापरला की थकतो, विसाव्याने पुन्हा चालतो. मला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं. आजाराला नाव होतं, म्हणजे मी कामचोर नव्हते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सानगडीत, माझ्या सासरी, मला सगळे कामचोरच समजत. भाताच्या रोवणीत, म्हणजे लावणीत, सकाळी मी सगळ्यांच्या पुढे. दुपार कलली की हात गळायचे, आवाज नाकातून यायचा. बायका हसायच्या. साकोलीच्या डॉक्टरांकडे आम्ही सकाळच्या बसने जायचो, रात्रभर झोपून ताजंतवानं होऊन. त्यांना तरी काय दिसणार? सासूबाई म्हणायच्या, "दिवस कलला का हिचे डोळे लागतेत. सारे नाटकं हायेत." मला कायमचं माहेरी धाडायचं बोलणंही सुरू झालं होतं.

नागपूरला सासूबाईच माझ्यासोबत आल्या होत्या. वॉर्डातल्या सिस्टरने त्यांना जवळ बसवून शिकवलं. गोळीने गिळायची ताकद येते. म्हणून आधी गोळी, अर्ध्या तासाने जेवण. ताठ बसून, लहान घास. दमल्यावर जेवायचं नाही. सासूबाई मान डोलवत होत्या.

घरी मी गोळी वेळेवर घ्यायची. पण जेवायची कधी? आधी मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि बाकीचे पुरुष, मग पोरं, मग सासूबाई, शेवटी सून. त्यात काही चुकतंय असं आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही. एका संध्याकाळी पुरुष शेतातून उशिरा आले. माझं ताट वाढेपर्यंत गोळीचा जोर ओसरला होता. भात घशात अडकला, पाणी नाकातून आलं, श्वास कोंडला. आपण मरतोय हे मला स्वच्छ कळत होतं. सासूबाईंनी मला पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा घास बाहेर पडला.

पुन्हा नागपूर. सगळं ऐकून सिस्टरने विचारलं, "हिच्या आधी घरात कोण कोण जेवतं?"

सासूबाई बोटांवर एकेक जण मोजू लागल्या.

तुमच्या घरी असा पेशंट असेल, तर नुसती गोळी आणून भागत नाही. घराची रीतही हलवावी लागते, आणि ते गोळीपेक्षा अवघड असतं.

घरी आलो त्या दिवशी मी संध्याकाळची गोळी घेतली. थोड्या वेळाने मामाजी पाय धुऊन पाटावर बसले. सासूबाईंनी पहिलं ताट वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मामाजी बघतच राहिले. "हे काहून?"

"तिची गोळी झाली. तिले जेवू द्या पहिले. तुम्ही थांबा."

मामाजींसमोर, त्यांच्याआधी जेवायचं! लाजेने मला मान वर करवेना. हात ताटाकडे जाईना.

"खा माय, सावकाश खा," सासूबाई म्हणाल्या.

मी सावकाश जेवले. मामाजी थांबले.