यातले तुमचे कोणते

‘यातले तुमचे कोणते, तेवढं सांग,’ सर म्हणाले.

माझ्या खुर्चीमागे उभे होते. बोट स्क्रीनवरच्या नावांवर. ऑफिसात सगळे जागेवर होते. कोणाचीच मान वर झाली नाही.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. 

अकोल्यातल्या एका बिल्डरच्या ऑफिसात मी काम करते. सर म्हणजे मालकांचा मुलगा, पुण्याहून शिकून आलेला. फ्लॅटची चौकशी करणारे लोक वेबसाइटवर नाव, ईमेल, गरज लिहून जातात. त्यांच्या याद्या पाडणं माझं काम. कोणाला दोन खोल्या हव्यात, कोण साइट बघून गेलं, कोणाला कर्जाची माहिती हवी. यादी एकदा लावली की ईमेल आपोआप जातात. आधी माहितीपत्रक, मग सँपल फ्लॅट बघायचं आमंत्रण. काम मला आवडायचं. ज्यानं जे विचारलं, त्याला त्याचं उत्तर जायचं.

नव्या स्कीमसाठी सरांना दोनच याद्या हव्या होत्या. एकीला आमंत्रण. दुसरीला ‘नोंदणी पूर्ण झाली, चौकशीबद्दल आभार’. दुसरीत कोण, ते जातीवरून ठरणार होतं. पण वऱ्हाडात इंगळे दोन्हीकडे, वानखडे दोन्हीकडे. नुसत्या आडनावावरून सॉफ्टवेअरला जात कळत नव्हती. म्हणून मी.

शेजारी प्रशांत बसतो. त्याचं आणि माझं आडनाव एकच. तो कुणबी, मी बौद्ध. तो चुळबुळला, तर सर हसून म्हणाले, ‘तुझं नाही विचारत रे.’

त्या नावांत हॉस्पिटलमधल्या वानखडे सिस्टर होत्या. बाबांना लकवा मारला तेव्हा त्यांना कुशीवर कसं वळवायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी लिहिलं होतं, खालचा मजला मिळेल का, आईला जिना चढवत नाही. त्यांना मी ‘नोंदणी पूर्ण’ पाठवायचं होतं. एकही फ्लॅट विकला गेलेला नसताना.

 उद्या दुपारपर्यंत पाहिजे, असं सांगून सर निघाले. जाता जाता थांबले. ‘खोली ठीक आहे ना?’

ती खोली त्यांच्या शब्दावर मिळालेली. त्याआधी पातूरहून येऊन मी अख्खं अकोला पालथं घातलं होतं. दारात नाव विचारायचे, मग पूर्ण नाव, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. मग खोली कालच गेलेली असायची. सरांनी एक फोन केला आणि दार उघडलं. नोकरी गेली की खोली जाणार. खोली गेली की बाबांचे उपचार. सगळीकडून मी सरांच्याच हातात होते.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांचं अर्धंच तोंड हलतं. आयुष्यभर हा माणूस कोणापुढे वाकला नाही. ते म्हणाले, ‘सांगून टाक न माय. आपण कुठी जाऊ मंग?’

मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. लकव्यानं त्यांचा हात नेला होता. हे मात्र त्या खोलीनं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर परत खुर्चीमागे आले. ऑफिसात मी जपून, पुस्तकी बोलते. त्या दिवशी ते जमलं नाही.

‘सर, मले हे मेलवर लिहून द्या,’ मी म्हटलं. ‘ही नावं काढायची काहून, त्याचं कारणबी लिहा. माह्या तोंडून मी एक नाव सांगत नाही.’

त्यांनी आवाज खाली आणला. केबिनमध्ये ये, आपण बोलू, म्हणाले. मी उठले नाही. काल इथंच विचारलं, आजही इथंच बोला, म्हटलं.

दिवसभर मेल लिहिणारा माणूस. त्याला त्या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत.

संध्याकाळी माझा पासवर्ड बंद झाला. मला दाराजवळ फोन घ्यायला बसवलं. नोकरीवरून काढलं नाही, काढायला कारण लागतं. याद्या प्रशांतकडे गेल्या. चहाच्या टपरीवर त्यानं मला गाठलं. नावं तूच सांगून दे, माझ्याही घरचे माझ्यावरच आहेत, म्हणाला. चेहरा पडलेला होता.

‘मंग तू बी लिहून माग,’ मी म्हटलं.

तो कप ठेवून निघून गेला.

बाबांना हॉस्पिटलात नेलं, तेव्हा सिस्टरांना मी स्वतः सगळं सांगितलं, कारणासकट. त्या बाबांचा हात चोळत राहिल्या. सरांचा आणखी एक फोन गेला असणार, घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितलंय. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

मी पुन्हा खोली शोधतेय. आता कोणी विचारायची वाट बघत नाही. दार उघडलं की पूर्ण नाव, गाव, जात, मीच सांगते. नाही म्हणायचं असेल तर माझ्याकडे बघून म्हणा.

ऑफिसात रोज जाते. दाराजवळ बसते. मी आपणहून निघून जावं, याची ते वाट बघताहेत. मी जाणार नाही. काढायचं असेल, तर कारण लिहा, मग काढा.