दादाचा लॅपटॉप, माझा पेन ड्राइव्ह

“घड्याळ आपोआप मागं जात न्हाई,” दादा स्वयंपाकघरात वहिनीला सांगत होता. मी दाराबाहेर चपला काढत होते, तशीच थांबले.

“अहो, पण वन्संना काय करायचंय तुमच्या घड्याळाचं?”

“वकील म्हणाला, कागदावर जुनी तारीख टाकायची आसंल तर आधी लॅपटॉपचं घड्याळच मागं करत्यात. दोनदा झालंय. दोन्ही वेळेला ती बसून उठल्यावर.”

माझा लॅपटॉप बिघडल्यापासून मी दादाचा वापरत होते. त्यानं तो प्लॉटिंगच्या कामासाठी घेतलेला. पासवर्ड त्यानं दिला नाही, मी मागितला नाही. चाकणहून कंपनीच्या बसनं आले की मला फक्त माझा कोर्स करायचा असायचा, आणि त्यासाठी लागणारं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, माझ्या पेन ड्राइव्हमध्येच होतं. ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला की सगळं त्याच्यावरूनच चालायचं. दादाचं विंडोज झोपलेलंच राहायचं. काम झालं की ड्राइव्ह काढून पर्समध्ये. मागे काही उरत नाही याचा मला थोडा अभिमानच होता.

पण उरत होतं. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, लावून ठेवायचं, विंडोज तीच वेळ इथली समजायचं, आणि दादाला भर दुपारी सकाळ दिसायची. एवढंच. आत जाऊन सांगता आलं असतं. पण दादाला धास्ती घड्याळाची नव्हती.

पप्पा गेल्यावर दिघीच्या जागेला आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं लागली होती. पुढच्या आठवड्यात मी हक्कसोडीवर सही करायची होती, म्हणजे माझा हिस्सा दादाचा. आमच्याकडे बहिणी ती सही करतात, भाऊ साडी नेसवतो, माहेर चालू राहतं. मला कुणी विचारलं नव्हतं. आधार कार्ड जवळ ठेव, एवढं सांगितलं होतं. मीही ‘हं’ म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप सुरू केला. दादाच्या डिस्कचं चित्र नेहमीसारखं एका कोपऱ्यात होतं. पासवर्ड विंडोजला होता, डिस्कला नाही. एक क्लिक केलं असतं तर त्याच्या फाइली उघडल्या असत्या. इतके महिने त्या चित्राकडे माझं लक्षही जात नव्हतं. आता जात होतं. मी काय बघेन असं ह्याला वाटतंय?

वहिनीला नेमकी आजच कोथिंबीर हॉलमध्ये निवडायची होती, तीही माझ्या पाठीमागे बसून.

दादा आला. “आमच्या लॅपटॉपात दुसराच लॅपटॉप घालून बसती व्हय गं?”

वहिनी हसली. मी म्हणाले, “कोर्स आहे.”

“मग पासवर्ड मागायचा की नीट. चोरून कशाला?”

“आपल्यातल्या पोरी आसलं काय करत न्हाईत,” आई सोफ्यावरून म्हणाली. आसलं म्हणजे कसलं, ते तिनं सांगितलं नाही. टीव्हीचा आवाज मात्र कमी केला.

मी क्लिक केलं नाही. लॅपटॉप बंद केला, ड्राइव्ह काढला. दादानं तळहात पुढे केला. “बघू.”

मी दिला. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला, जणू पाठीमागे काही लिहिलेलं असेल. “काय काय घेतलंस ह्यात?”

घाबरले की माझ्या तोंडात इंग्रजी येतं. घड्याळाचं सगळं स्पष्टीकरण त्या इंग्रजीत तयार होतं, एकही वाक्य न अडखळता. ते मी गिळलं. ह्या घरात ते कुणाला ऐकायचं नव्हतं, आणि मलाही आता सांगायचं नव्हतं. मी हात पुढे केला. त्यानं ड्राइव्ह परत दिला नाही.

“तुझं काही घेतलं नाही, दादा,” मी म्हणाले. “आणि माझं तुला द्यायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.”