पेवाला वारा लागू दे

सांगलीच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी मी सुमनला लग्नाचं विचारलं... आणि तिनं जे उत्तर दिलं, त्यावरून माझं आणि वसंताचं असं भांडण पेटलं की चहावाल्यानं आम्हाला बाहेर काढलं.

सत्तरचं दशक. नेमकं साल सांगितलं तर घरी ओरडा बसेल. मी कुंडलचा, डोक्यानं गरम. प्राध्यापकांशी वाजलं म्हणून कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि सांगलीत चुलत्याच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळत बसलो.

सुमन माझ्याच वर्गातली, हरिपूरची. तिचे वडील हळदीचे व्यापारी. दोन वर्षं तिच्याशी धड एक वाक्य बोललो नव्हतो आणि त्या दिवशी सगळं एका दमात ओतून मोकळा झालो. तुझ्याशीच लग्न करणार, आणि उद्याच तुझ्या घरी येतो... असलं काहीतरी.

ती घाबरली नाही. हसलीही नाही. "दिनकर, पेवाला वारा लागू दे आधी," एवढंच म्हणाली आणि बसमध्ये चढली.

आता याचा अर्थ काय लावायचा? हो की नाही?

मी तडक वसंताला त्याच्या नेहमीच्या चहाच्या हॉटेलात गाठलं. वसंता वाईचा, माझा जिवलग, मराठी घेऊन बी.ए. करत होता. बोलणं शुद्ध आणि मिशी भरघोस. सगळं ऐकून त्यानं कपातला चहा बशीत ओतला.

"असा वाक्प्रचारच नाही. पेव फुटतं. मराठीत पेवाचं एवढंच होतं."

"तिच्या गावात म्हणत असतील की!"

"दिन्या, तिनं तुला वाटेला लावलंय. सभ्य मुलगी आहे, म्हणून जरा अलंकारिक भाषेत."

पुढचं काही आठवत नाही... चहावाल्याला आठवत असेल. पैज मात्र पक्की लागली. हरिपुरात कुणीही असं म्हणत असेल तर वसंतानं मिशी उतरवायची. नसेल तर मी सुमनचं नाव टाकायचं, कायमचं. रागाच्या भरात मी हो म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकली काढून हरिपूर गाठलं. आधी देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. "न्हाई बा. आमी तर असं कवा म्हटल्यालं न्हाई." मग हॉटेलात विचारलं, न्हाव्याला विचारलं. सगळीकडे तेच. न्हाव्याकडे तर वसंता मुद्दाम आरशात बघून मिशीला पीळ देत होता.

गावाच्या कडेला माणसांचा घोळका दिसला. पेव उघडत होते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो... पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. आत ऐसपैस, वर तोंड मात्र माणूस जेमतेम उतरेल एवढं. हळद भरली की ते तोंड मातीनं बंद करायचं, ते माल विकायच्या वेळेलाच उघडायचं.

मी उत्साहात पुढं झालो आणि आत वाकून बघायला गेलो. तोच मागून कुणीतरी कॉलर धरून मला ओढलं.

"मरायचं हाय का रं? कुणाचा तू?"

सुमनचे वडील! आप्पा! मला ओळखत नव्हते म्हणून वाचलो.

आप्पांनी दोरीनं कंदील आत सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. त्यांनी तो वर ओढून बाजूला ठेवला. "कोंडल्याली हवा हाय. आज कुणी उतरायचं न्हाई. वारा लागू द्या."

"मग कधी उतरायचं?" मी विचारलं.

"कंदील जळंल तवा. तुला कसली घाई रं?"



परतीच्या वाटेवर वसंतानं सायकल माझ्या शेजारी आणली. मग म्हणाला, "हा वाक्प्रचार नाही. ही सूचना आहे. पेवापुरती. माणसांबद्दल असं कुणीही म्हणत नाही."

"सुमन म्हणाली ना!"

"एकटीनं म्हटलेलं धरत नाहीत. पैज तू हरलास."

माझं डोकं सणकलं. सायकल वळवली. पैज गेली खड्ड्यात, म्हटलं. आप्पा तिथंच उभे आहेत, आत्ताच्या आत्ता विचारतो, काय व्हायचं ते होऊ दे!

वसंतानं सायकल टाकून दिली, धावत आला आणि माझं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. "अरे गाढवा, थांब! पेवाला वारा लागू दे की जरा!"

म्हणाला... आणि तिथंच, रस्त्याच्या मधोमध, स्वतःच्या तोंडाकडे बघता आलं असतं तर बघितलं असतं असा उभा राहिला.

मी सायकलवरून उतरलो. दोन वर्षं मनात कोंडलेलं मी स्टँडवर एकदम उघडलं होतं आणि ती लगेच आत उतरावी म्हणून हटून बसलो होतो. तिनं नाही म्हटलंच नव्हतं. थांब म्हटलं होतं.

मग थांबलो. थांबायचं ठरवलं की मी त्यातही हट्टी. तारा गुंडाळल्या, स्वतःचं दुकान टाकलं, आणि मगच आप्पांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी पहिल्यांदा माझ्या कॉलरकडेच बघितलं. "तूच न्हवं का रं त्यो?"

नंतर कधीतरी सुमनला विचारलं, हा वाक्प्रचार तुला कुणी शिकवला. म्हणाली, "कुणी न्हाई. तुझं त्वांड बघून सुचलं."

आता आमच्या घरात सगळेच म्हणतात. सुना म्हणतात, नातवंडं म्हणतात. माझा आवाज चढला की आधी तेच ऐकू येतं.

वसंता, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. त्या दिवशी कॅरिअर सोडलं असतंस तर हे घर झालं नसतं. पण पैज मीच जिंकलो होतो, गड्या... मिशी पांढरी झाली म्हणून सुटलास असं समजू नकोस.