आम्ही कुठंच निघालो नव्हतो

किस्से म्हणजे केळीसारखे. एक बुंधा लावला की शेजारी चार पिल्लं कधी फुटली, कळत नाही. आमच्या तिघांच्या रविवारच्या भटकंतीची तर आता अख्खी वाडी झाली आहे.

सुरुवात सावंतसाहेबांमुळे. माणूस मूळचा मालवणकडचा, जन्म गेला मुंबईच्या ऑफिसात. विरारला फ्लॅट, पण ओळखीचा रस्ता एकच, बिल्डिंग ते स्टेशन. रिटायर झाले, वहिनी गेल्या, आणि पुण्याचा मुलगा नीलेश मागं लागला, फ्लॅट विका नि कायमचे इकडे या. तळ्याकाठच्या बाकावर बसून मला म्हणाले, "दामू, जावं म्हणतो. इथं माझं आहे काय?"

मी इथल्याच मातीतला. शाळेतसुद्धा कधी सरळ वाटेनं गेलो नाही, म्हणून तर अर्धीच झाली! आणि सावंत गेल्यावर मी चिडवायचं कुणाला? म्हटलं, साहेब, काय सोडून चाललात ते आधी बघा तरी. रविवारी चालायला या. कुठं, ते विचारायचं नाही.

*

पहिल्या रविवारचा नियम सोपा होता. समोर जे पहिलं येईल, त्याच्या मागं जायचं. आली शेळी.

साहेब इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट घालून शेळीमागं. ती बांधावरून गेली, हे बांधावरून. ती कुंपणातून घुसली, हेही घुसले. आत इनास नावाच्या शेतकऱ्याची वाडी. शेळीनं त्याच्या कोबीत तोंड घातलं आणि इनास काठी घेऊन धावत आला. "कोनाची शेळी ही?"

साहेब आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. म्हणाले, "कल्पना नाही. आम्ही हिच्याबरोबर आलोय."

इनासनं काठी टाकली आणि हसत बांधावरच बसला. पुढच्या रविवारी, चर्चमधून सुटल्यावर, तो आमच्यात तिसरा.

*

एकदा कान नेतील तिकडं जायचं ठरलं. बँड ऐकू आला. गेलो तर लग्नघरच्या बाया वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणायला निघालेल्या. कुणीतरी एक घागर साहेबांच्या हातात दिली. मी आणि इनास मुद्दाम मागं राहिलो. साहेब बँडच्या पुढं, चेहरा एकदम ऑडिटचा.

एका म्हातारीनं विचारलं, नवऱ्याचे कोण तुम्ही? साहेब म्हणाले, कुणीच नाही, विरारहून सहज चालत आलो होतो.

"विरारहून? एवढ्या लांबून? मग जेवल्याशिवाय सोडायची नाही!"

*

चांदीप गावाला आम्ही बसनं पोचलो. म्हणजे चांदीपला जायचं नव्हतंच, जी बस पहिली येईल ती धरली होती. उतरलो तर चहूकडे शेतं, आणि परतीच्या बसचा पत्ता नाही. साहेबांनी एका शेतकऱ्याला रस्ता विचारला.

"जायचंय कुठं?"

"ते अजून ठरलं नाही."

शेतकऱ्यानं आमच्या तिघांच्या टकलांकडं नीट बघितलं आणि घराकडं तोंड करून ओरडला, "अगो, पानी आन. ऊन लागलंय यांना."

*

सातिवलीला नाकाची पाळी होती. त्या गोडाऊनांच्या गर्दीत कुठून तरी मोगऱ्याचा घमघमाट येत होता. हुंगत हुंगत एका गाळ्यात शिरलो. अगरबत्तीचा कारखाना. साहेबांचे बूट बघून मालक उठून उभा. पंखा लागला, कोल्ड्रिंक आलं, कामगारांच्या तोंडावर मास्क चढले.

साहेब अवघडून म्हणाले, "अहो, काही नको. आम्ही फक्त वास घेत आलो."

मालक खालीच बसला. इतका मटकन की इनासनं आपलं कोल्ड्रिंक त्याला पाजलं.

*

आणि मग एका रविवारी नीलेश गाडी घेऊन आला. बॅगा भरलेल्या. जेवून निघायचं, ते कायमचंच. मी म्हटलं, एक शेवटची चक्कर, गाडीनंच. नीलेश म्हणाला, "दामूकाका, लोकेशन सांगा." इनास म्हणाला, पुढच्या रिक्षात कोळणी दिसतायत ना, त्यांच्या मागं. फोनमधली बाई सारखी 'मागे वळा' म्हणत राहिली.

रिक्षा थांबली ती अर्नाळ्याला. किनाऱ्यावर दोऱ्या बांधलेल्या, ताज्या बोंबलांचे ढीग पडलेले आणि माणसं कमी. एका कोळणीनं साहेबांच्या हातात काठी दिली. "बाबा, कावले हाकल जरा." नीलेश घड्याळ बघत उभा होता. त्याच्यापुढं तिनं पाटीच ठेवली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची.

नीलेशचे पहिले बोंबील वाळूत पडले. दुसरे पण. कोळीण म्हणाली, "शिकलेला दिसतो." त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सारल्या.

ऊन चढलं. दोन दोऱ्या भरल्या. फोन वाजला, पुण्याहून सूनबाईंचा. त्याचे हात बरबटलेले, म्हणून फोन मी त्याच्या कानाशी धरला. ती विचारत होती, निघालात का?

"नाही गं. हे बोंबील वाळल्याशिवाय नाही."

मग किती वेळ लागेल, ती म्हणाली. नीलेशनं बापाकडं बघितलं.

साहेबांनी कावळ्यांवरची नजर हलवली नाही. म्हणाले, "ते उन्हावर आहे."