कंपूत ठेवलेलं प्रस्थान

गुरुवारी सकाळी ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या रुग्णालयात माझे यजमान गेले. आठवड्यानं आम्ही दोघं मोझांबिकला निघणार होतो. आमचं प्रस्थान ठेवून झालं होतं.

प्रस्थान म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. माझ्या लहानपणी ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ते कुणाला विचारावं लागत नसे. दूरच्या प्रवासाचा मुहूर्त एका दिवशी असतो आणि तिकीट मिळतं दुसऱ्याच दिवसाचं. अशा वेळी मुहूर्तावर प्रवासी जात नाही, त्याची वापरातली एखादी वस्तू जाते. फडक्यात थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि ती वस्तू बांधायची. ज्या दिशेला जायचं, त्या दिशेच्या ओळखीच्या घरी ते गाठोडं नेऊन ठेवायचं. प्रवास सुरू झाला असं मग धरतात. निघायच्या दिवशी ते वाटेत उचलायचं आणि तसंच पुढे जायचं. ठेवलेलं प्रस्थान घरी परत मात्र आणायचं नसतं.

यजमान पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. मुहूर्तावर त्यांचा विश्वास नव्हता, पण ही रीत त्यांना आवडायची. एखादी गोष्ट आपल्या आधी निघून गेली आहे आणि पुढे आपली वाट पाहते आहे, हे त्यांना पटायचं. पाणी असंच जातं, असं काहीतरी ते म्हणाले होते. नीट आठवत नाही.

मोझांबिक आमच्या घरात आलं ते पाण्यामुळेच. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. निवृत्त झाल्यावरही जुनी पुस्तकं उसनी आणायची सवय गेली नव्हती. प्रवासवर्णनांच्या एका जाड पुस्तकात त्या देशाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटाबद्दल दोन पानं होती. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. म्हणून तिथल्या दगडी घरांची छतं सपाट बांधलेली. पावसाचं पाणी छतावरून उतरून घराखालच्या टाक्यांत साठतं आणि लोक ते वर्षभर पुरवतात. ती दोन पानं मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाच म्हणाले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही जवळजवळ तिथेच राहत होतो. जयेंद्रगंजच्या आमच्या गच्चीवर दुपारचं ऊन चांगलं येतं. सतरंजी टाकून, संत्री सोलत आम्ही अॅटलास उघडून बसायचो. बेट त्यात ठिपक्याएवढंही नव्हतं. यजमानांनी पेन्सिलीनं ठिपका दिला. कुठल्या वाऱ्यानं गुजरातची गलबतं तिकडे जात आणि किती महिने थांबून, वारा उलटला की परत येत, हे ते मला सांगत. मी ऐकता ऐकता डोळे मिटायची. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू असत. ते थोड्या वेळानं ऐकू येईनासे होत.

आमच्या दोघांच्याही घराण्यांत समुद्राचा काही संबंध नाही. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांबरोबर इकडे आले, माझे पोथ्या आणि कागदांबरोबर. आल्यावर कुणी मागे वळून किनाऱ्याकडे गेल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे आम्ही तिकडे जाणार म्हटल्यावर ओळखीचे लोक आधी थांबत आणि मग, तिथे कोण असतं तुमचं, असं विचारत. यजमान म्हणत, अजून कुणी नाही.

ते पोर्तुगीज शिकू लागले. मोबाइलवर एक बाई शब्द म्हणायची आणि हे तिच्यामागून घोकत स्वयंपाकघरात येत. चावी, साबण, बटाटा, काजू, अननस. उच्चार थोडे वेगळे, पण शब्द आपलेच. पाव भाषा आपल्याला जन्मजात येते, असं त्यांनी जाहीर केलं. उरलेली पाऊण जमेपर्यंत मी पोळ्या करत राहायची.

एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की ते बेट लांबीला साधारण आपल्या किल्ल्याएवढं आहे. किल्ला गच्चीवरून रोज दिसतो. पाहायचा म्हणून आम्ही तो क्वचितच पाहतो. त्या दिवशी पाहिला. हवेत धूळ होती, डोंगराचा पायथा तिच्यात बुडाला होता आणि वरची लांबट कडा नुसतीच तरंगत होती.

मग आम्ही किल्ल्यावर जाऊन बेट चालायला लागलो. उरवाई दरवाजानं वर जायचं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू जायचं. इकडे दगडी वस्ती, तिकडे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली गरिबांची घरं, या टोकाला कोट, तिथे देऊळ. त्या बेटावर व्यापाऱ्यांनी बांधलेलं एक हिंदू देऊळ आहे, हेही आम्ही वाचलं होतं. चालून दमलो की एखाद्या कोरड्या टाक्याच्या काठावर बसायचो. खाली ग्वाल्हेर पसरलेलं असे. दुपार कलली की ते निळसर होई आणि मग ते शहर आहे की आणखी काही, हे ठरवायची घाई आम्हाला नसायची.

त्या बेटावरच्या बायका एका झाडाचं खोड दगडावर पाण्यात उगाळतात आणि तो पांढरा लेप चेहऱ्याला लावतात, हे मी वाचलं होतं. माझ्या देवघरात सहाण आहे, चंदनाचं खोड आहे. त्या बायकांपैकी कुणाशेजारी बसून आपणही उगाळावं, एवढंच माझ्या मनात होतं. भाषा आली नसती तरी चाललं असतं.

तिकिटं दिल्लीहून होती, सप्टेंबरची. यजमानांची मोठी आतेबहीण कंपूत राहते. मी त्यांना ताई म्हणते. पंचांग त्यांच्याकडे. त्यांनी मुहूर्त काढला आणि दिशाही सांगितली. देश नैर्ऋत्येला, तर प्रस्थान नैर्ऋत्येला. जयेंद्रगंजहून त्या बाजूला त्यांचंच घर येत होतं. त्यांना त्याचा फार आनंद झाला. मुहूर्ताच्या दिवशी आपल्या घरी ताटात फडकं पसरून त्या तांदूळ घालत होत्या. यजमानांनी वाचायचा जुना चष्मा ठेवला आणि मी चंदनाच्या खोडाचा तुकडा.

ताईंचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “आई, गाडी तर दिल्लीला जाणार. दिल्ली नॉर्थला. मामांचं सामान साउथला आणि मामा नॉर्थला. ये दोनों मिलेंगे कहाँ?”

सगळे हसले. ताई गाठ मारता मारता म्हणाल्या, तू गप्प बस. यजमानांनी त्याचं म्हणणं मात्र मनावर घेतलं. अॅटलास बरोबरच होता. त्यांनी ग्वाल्हेर आणि पेन्सिलीचा ठिपका यांवर फूटपट्टी ठेवली आणि भाच्याला दाखवली. गाडी कुठूनही जाऊ दे, ते म्हणाले, दिशा ही. आणि आमच्या दारातून या रेषेवर निघालं की पहिलं स्टेशन तुझी आई.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या छातीत दुखलं. ताईंच्या घरापासून रुग्णालय जवळ. त्या डबा घेऊन येत, बाकावर बसत. मग तो गुरुवार आला.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं आणि नंतर नव्हतं. मी पुस्तकं आणायची थांबले. तिकिटं भाच्यानं रद्द केली. दुपारी गच्चीवर ऊन यायचं, ते मी खोलीतून बघायची. ताई क्वचित येत. आल्या तरी दाराशी बसत आणि माझ्याकडे न बघता चहा पीत. दुःख ज्याचं त्यानं आपल्या पद्धतीनं करावं, असं समजून मी विचारलं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा भाच्याचा फोन आला. तो हळू आवाजात बोलत होता. गुरुजींनी सांगितलं होतं की असं प्रस्थान घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावं. पण आई त्या गाठोड्याजवळ कुणाला जाऊच देत नाही. “मामी, तुम्हीच या एकदा. और किसी की नहीं सुनेंगी.”

मी गेले. जाताना अॅटलास पिशवीत का घातला, सांगता येणार नाही. फूटपट्टी त्याच पानात राहिली होती.

गाठोडं ताईंच्या आतल्या खोलीत, कोनाड्यात होतं. कोनाडा रोज पुसत असावा असा स्वच्छ. ताई लाकडी तख्तावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. गुरुजींचं म्हणणं मी सांगितलं आणि तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं. त्या पदराचं टोक दुमडत राहिल्या.

“दिशा मी सांगितली,” त्या म्हणाल्या. “पोरगं हसण्यावारी बोललं, पण ते खरं होतं. जायचं उत्तरेला आणि मी गाठोडं उलटीकडे घेऊन बसले. इथेच गावात, उत्तरेकडे हजिऱ्याला माझी नणंद आहे. तिच्याकडे ठेवलं असतं तर तो वाचला असता.”

वर्षभर त्या हे धरून दाराशी बसत होत्या. असं काही नसतं ताई, असं म्हणणं सोपं होतं. कुणी कुणी म्हणालंही असेल. मी अॅटलास काढला, तख्तावर उघडला आणि फूटपट्टी होती तशी लावली.

“दिशा बरोबर होती,” मी म्हणाले. “त्यांनी स्वतः मोजली होती. तुमच्यासमोर.”

ताईंनी चष्मा शोधला. ग्वाल्हेरवर बोट ठेवलं आणि पट्टीच्या कडेनं हळूहळू खाली नेलं. गुजरातच्या खालून बोट जमीन सोडून निळ्यात शिरलं. तिथून पुढे त्या फारच सावकाश गेल्या.

“हे सगळं पाणी?”

“हो.”

“कुठे अडत नाही.”

“नाही.”

बोट ठिपक्यावर येऊन थांबलं. त्यांनी ठिपका केवढा आहे असं विचारलं. मी म्हणाले, आपल्या किल्ल्याएवढा. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते माहीत होतं. खिडकीवर वाळ्याचा पडदा पावसानं ओला होता आणि खोलीत त्याचा वास होता.

मग ताई उठल्या आणि गाठोडं घेऊन आल्या. गाठ त्यांनीच मारलेली, त्यांनीच सोडली. तांदूळ पिवळे पडले होते. चष्मा आणि खोड जवळ जवळ होती. ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

“तो निघाला,” त्या म्हणाल्या. “निघालेल्याचं प्रस्थान ठेवायचं नसतं. हा तू घरी ने.” खोडाचा तुकडा त्यांनी फडक्यातच ठेवला होता. “तुझं काय करायचं? पाण्यात सोडायचं की ठेवायचं?”

एकटीनं विमानतळावर उभं राहायचं, एकटीनं त्या टोकापासून या टोकापर्यंत चालायचं, कुठलं छत बघून कुणाला दाखवायचं. हे सगळं मनात आलं. आणि त्याबरोबर दगडावर खोड फिरवल्याचा तो ओला आवाजही आला, जो मी तिथे अजून ऐकलेलाच नव्हता.

“ठेवा,” मी म्हणाले.

ताईंनी नवे तांदूळ घातले, नवी सुपारी घातली आणि गाठ मारली. मुहूर्त त्यांनी पाहिला नाही. भाचा चहा घेऊन आला तेव्हा त्या मला म्हणत होत्या की एकटी जाऊ नकोस, याला घेऊन जा. तो म्हणाला, “मामी, लोग दुबई जाते हैं,” आणि मग अॅटलासवर वाकून बघत राहिला.

संध्याकाळी तो मला जयेंद्रगंजला सोडून गेला. हल्ली मी मोबाइलवरच्या त्या बाईमागून शब्द म्हणते, स्वयंपाक करताना. पाव भाषा झाली आहे. तिकीट अजून काढलेलं नाही.

त्यांचा चष्मा अॅटलासवर आहे. माझा चंदनाचा तुकडा कंपूत आहे.